काळ्या डोळ्यांचा ससाणा

आमच्या भागात ससाणे दोन प्रकारचे. एक खरा आणि दुसरा मी पकडलेला.

दिसायला दोघे सख्खे चुलत भाऊ. पण खऱ्याचे डोळे पिवळेजर्द, आणि पायाचं मधलं बोट असं लांब, की उडता लावा पक्षी हवेतल्या हवेत मुठीत धरावा. दुसऱ्याला आमच्याकडे उन्हाळी ससाणा म्हणतात. त्याचे डोळे काळसर, बोटं आखूड, पंखांची टोकं दौतीत बुडवून काढल्यासारखी. खरा एकटा येतो, एकटा जातो. उन्हाळी थव्याने जातो, लग्नाच्या वऱ्हाडासारखा. खरा लावे मारतो. उन्हाळी सरडे आणि नाकतोडे खाऊन समाधानी असतो. हे सगळं आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी घडाघडा सांगेन. त्या सप्टेंबरात मात्र माझ्या लेखी ससाणा म्हणजे ससाणा, आणि तो माझ्या मनगटावर बसला म्हणजे प्रश्न मिटला.

मी पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालो. गावात लोक मला अजून नळाच्याच तक्रारी सांगतात. शाकिरच्या चहाखान्यात माझी जागा दाराजवळच्या बाकावर. येणाऱ्याजाणाऱ्याचा वारा लागतो तो बाक. समुद्राकडच्या खिडकीपाशी जो लांब बाक आहे तो ससाणेवाल्यांचा. पानगळीच्या दिवसांत तिथे मनगटावर पक्षी घेतलेली माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि धुक्याकडे अशी बघतात, जणू धुकं त्यांच्या परवानगीने पडलंय. माझा मेहुणा नियाझी त्या बाकावर अगदी मधोमध बसतो. सासरे हुर्शितबाबा गुडघ्यांमुळे वरच्या वाडीतून आता खाली उतरत नाहीत, पण त्यांची उशी तिथे अजून ठेवलेली आहे. मुलगी देताना ते एवढंच म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. पाण्याचं बघतो. पक्षी नाही, पण चालायचंच." या 'चालायचंच'वर माझा आजवरचा संसार चालला.

तर त्या सप्टेंबरात, चहाची शेवटची खुडणी संपत आली असताना, मी दाराजवळच्या बाकावरून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की यंदा हंगाम संपायच्या आत मी स्वतः धरलेल्या ससाण्याने मारलेला लावा हुर्शितबाबांना खाऊ घालीन. असं का म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. बाहेर धुकं फार सुंदर पडलं होतं.

खिडकीच्या बाकाने माना वळवल्या. मग नियाझी म्हणाला, "दाजी, आधी किडा धरा."

बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल, पण आमच्याकडे ससाण्याची सुरुवात किड्यापासून होते. ओल्या जमिनीत भुयारं करणारा, फावड्यासारख्या पुढच्या पायांचा एक किडा असतो. तो धरायचा. त्याच्या आमिषाने खाटीक नावाचा छोटा पक्षी धरायचा. खाटकाला काठीवर बसायला शिकवायचं. मग डोंगराच्या धारेवर नेच्यांचं खोपटं करून, पुढे बारीक जाळं उभारून, काठीवरचा खाटीक नाचवायचा. वरून जाणारा ससाणा झेपावतो आणि जाळ्यात अडकतो. ससाण्याने लावा धरायचा. लावा भातात शिजवायचा. म्हणजे एका वाढणीसाठी मध्ये तीन जीवांची मनधरणी. आमच्या पूर्वजांना वेळ भरपूर होता आणि समुद्र खवळलेला असे.

किडा ओल्या जमिनीत सापडतो. गावात सर्वात ओली जमीन कुठे आहे हे पाणीखात्याच्या माणसाला कुणी सांगावं? शेजारच्या हव्वाआत्यांच्या घेवड्याच्या वाफ्यात. ती का ओली आहे, हा प्रश्न तीस वर्षं त्या मला विचारत होत्या आणि मी तीस वर्षं 'बघतो' म्हणत होतो. कुदळीच्या दुसऱ्या घावाला उत्तर मिळालं. उत्तर माझ्या डोक्यापेक्षा उंच उडालं. खालच्या आळीचं पाणी गेलं.

हव्वाआत्या ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "नुसरेत, नोकरीत असताना एवढी मेहनत केली असतीस तर?"

"आत्या, किडा शोधतोय."

"तुझ्या खात्यात कमी होते का?"

पण किडा मिळाला. चिखलातून स्वतःच वर आला, बहुधा पोहून. किड्याने खाटीक मिळवून दिला आणि खाटकाने माझ्या अंगठ्याचा पहिला हप्ता घेतला. पक्षी मुठीएवढा, पण नाव काही उगाच पडलेलं नाही. घरात आठवडाभर माझी बायको पेरिहान त्याला खिम्याच्या गोळ्या भरवत होती आणि मी बोटाला पट्टी बांधून त्याला काठीवर बसण्याचे फायदे समजावत होतो.

मग परवाना. परवान्याच्या ऑफिसात सांगितलं, की अर्जासोबत पक्ष्याबरोबरचा फोटो लागतो. मी म्हटलं, पक्षी अजून धरलेला नाही. ते म्हणाले, परवान्याशिवाय धरलात तर गुन्हा आहे. मी म्हटलं, मग फोटो कसा काढू? ते म्हणाले, पक्ष्याबरोबर. यात मला काही चुकीचं दिसलं नाही. मीही तीस वर्षं, आधी नळ दाखवा मग जोडणी देतो, असंच लोकांना सांगत आलो होतो. शेवटी नियाझीचा ससाणा मनगटावर घेऊन फोटो काढला. फोटोत मी, ससाणा आणि उजवीकडे नियाझीचा अर्धा कान असे तिघे आहोत. माझे डोळे मिटलेले. ससाण्याचे उघडे, पिवळेजर्द.

परवाना मिळाला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, की खरा ससाणा एकच ठेवता येईल, आणि दुसरी कुठलीही जात आढळल्यास ताबडतोब सोडून द्यावी. मी ते वाचलं आणि मान डोलावली. 'दुसरी कुठलीही' म्हणजे आपलीच, असं परवाना वाचताना कुणालाच वाटत नाही.

डोंगराच्या धारेवरचे ते दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. खाली चहाचे मळे पायऱ्या पायऱ्यांनी समुद्रात उतरत जात. मग धुकं येई आणि एकेक पायरी पुसून टाकी. समुद्र जाई, रस्ता जाई, गाव जाई. शेवटी मी, माझं नेच्यांचं खोपटं आणि काठीवरचा खाटीक एवढेच जगात शिल्लक राहत असू. कधी कधी धुकं फाटे आणि वर, खूप वर, पक्षीच पक्षी फिरत असत, उकळत्या चहात पत्ती फिरावी तसे. आवाज नाही, घाई नाही. मी काठी नाचवायला विसरून जाई. बऱ्याचदा मला तिथे झोप लागे, आणि झोपेत मी तीच धार, तेच खोपटं बघत असे. त्यामुळे जागं झाल्यावर फारसा फरक पडत नसे.

अशाच एका दुपारी जाग आली तेव्हा जाळ्यात काहीतरी फडफडत होतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, वरच्या त्या वऱ्हाडातला एक जण, खालचा माणूस झोपलेला पाहून, सहज डोकावायला उतरला असावा. मी त्याला रुमालात गुंडाळलं. रुमालातून एक काळाभोर, ओलसर, अथांग डोळा माझ्याकडे बघत होता. एवढ्या समजूतदारपणे माझ्याकडे याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

चहाखान्यात शिरलो तेव्हा खेळणाऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. खिडकीचा बाक उठून उभा राहिला. मी मनगट पुढे केलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. नव्या ससाण्याने पहिला लावा मारेपर्यंत त्याला नावं ठेवायची नाहीत. कसलीही खोड काढायची नाही, वाकडा शब्द नाही. पक्ष्याच्या कानावर गेला तर पक्षी रुसतो, आणि बोलणाऱ्याचाही हंगाम जातो. पहिला लावा पडला, की मग हवं ते बोला. एरवी आमची माणसं बापाच्या मयतातही तोंडावर खरं बोलतात. पण या रीतीपुढे सगळे गार.

तर सगळे माझ्या पक्ष्याकडे बघत राहिले.

"पंख आहेत," एक जण शेवटी म्हणाला.

"दोन्ही बाजूंना," दुसरा म्हणाला.

शाकिर चहाचा ट्रे घेऊन जवळ आला, वाकला, बराच वेळ पक्ष्याच्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "उभा छान राहतो."

नियाझीने चहाचा पेला उचलला, रिकामा होता तरी प्यायला, आणि म्हणाला, "दाजी, डोळे..."

"काय डोळे?"

"आहेत हं डोळे."

मी तृप्त झालो. एवढा एकमुखी आदर मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. त्यांनी मला खिडकीच्या बाकावर जागा दिली. मी हुर्शितबाबांच्या उशीशेजारी बसलो आणि धुक्याकडे बघितलं. धुकं माझ्या परवानगीने पडत होतं.

घरी पेरिहानने पक्षी पाहिला. ती ससाणेवाल्याची मुलगी. बराच वेळ ओठ चावत उभी राहिली आणि मग म्हणाली, "तुम्ही याचे डोळे नीट बघितलेत?"

"बघितले ना. किती खोल आहेत."

"खोल आहेत खरे," ती म्हणाली आणि मक्याची भाकरी उलटायला आत गेली. आतून बराच वेळ ओढणी तोंडावर धरल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, आनंदाने रडतेय.

पक्षी माणसाळला, तोही फार लवकर. दुपारी मी खुर्चीत डुलकी काढायचो, तो मनगटावर डुलकी काढायचा. दोघांची मान एकाच वेळी खाली जायची, पेरिहान सांगते. नियाझीचा पक्षी सदा तापलेला, जणू कुणाचं तरी येणं बाकी आहे. माझा पक्षी शांत. त्याला मांसापेक्षा खिडकीतल्या माश्यांत जास्त रस होता. मी ते त्याच्या साध्या राहणीचं लक्षण मानलं.

शिकारीच्या दिवशी अर्धा गाव मागे आला. लावे समुद्र ओलांडून येतात आणि थकून मक्याच्या कापलेल्या शेतात उतरतात. नियाझीच्या कुत्र्याने पहिला लावा उठवला. लावा भुर्रकन डावीकडे गेला. मी ठरल्याप्रमाणे ससाणा हवेत फेकला. ससाणा उजवीकडे गेला.

तो हव्वाआत्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर उतरला, दोन पावलं चालला आणि एक सरडा धरून निवांत खात बसला. त्या दिवशी कुत्र्याने आणखी बरेच लावे उठवले. एक तर माझ्या पक्ष्याच्या डोक्यावरून गेला. पक्ष्याने मान खाली घातली, वाटेतल्या माणसाला जागा द्यावी तशी.

लोक एकमेकांकडे बघत नव्हते. कुणी ढगांकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. हव्वाआत्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "निदान भिंत कोरडी आहे ना, बघ."

चहाखान्यात त्या संध्याकाळी जो वाद झाला त्याला तोड नाही. प्रश्न असा, की सरडा ही पहिली शिकार धरायची की नाही. धरली तर रीत संपली, आणि लोकांना बोलायची मोकळीक. ती मोकळीक मिळावी म्हणून काही जणांच्या घशाच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. मला वाटलं, स्तुती कोंडली आहे.

"रक्त निघालं म्हणजे शिकार," एक पक्ष म्हणाला.

"पिसं नाहीत," दुसरा पक्ष म्हणाला. "पिसांशिवाय शिकार होत नाही."

"मग मासा?"

"मासा ससाण्याने धरला तर विचार करू."

शाकिर म्हणाला, "हे हुर्शितबाबाच ठरवतील. परवा नुसरेतभाऊंकडे जेवायला यायचेत ना? तेव्हा विचारू."

यायचे होतेच. हंगाम संपत आला होता. लावा मात्र नव्हता.

दोन दिवसांनी संध्याकाळी हुर्शितबाबांना खुर्चीसकट खाली आणलं. नियाझी आपला ससाणा घेऊन आला होता. तो संडासात जातानाही घेऊन जातो. शाकिर आला होता निकाल ऐकायला, हव्वाआत्या आल्या होत्या कारण पाणी पुन्हा गेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात नियाझीने मला बाजूला ओढलं.

"दाजी, भातात लावा आहे. माझ्या पिशवीतला. बाबा विचारतील तेव्हा तुमचा म्हणून सांगा. मी तोंड उघडणार नाही."

"हे बरं दिसतं का?"

"काय दिसतं ते बोलायची चोरी आहे म्हणून तर आणला," तो कळवळून म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. परवान्याच्या ऑफिसातला ओनुर नावाचा तरुण अधिकारी तपासणीला आला होता. नवीनच बदलून आलेला, कोन्याचा, म्हणजे पार आतल्या सपाट मुलखातला. आमच्या रीती त्याला काय माहीत. हातात माझा फोटो. त्याने फोटोकडे बघितलं, माझ्या पक्ष्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"पण हा तर..." तो म्हणाला.

पेरिहानने त्याच्या तोंडासमोर काळ्या कोबीच्या सूपचा चमचा धरला. पाहुणा म्हटल्यावर नाही म्हणता येईना. त्याने गिळलं.

"नाही, म्हणजे डोळे..."

शाकिरने मक्याची भाकरी दिली. हव्वाआत्यांनी हमसी मासळीची ताटली पुढे सरकवली. "खा रे पोरा, काटे काढून दिलेत."

"मी ड्यूटीवर आहे," ओनुर भरल्या तोंडाने म्हणाला.

"म्हणूनच बसून खा," हव्वाआत्या म्हणाल्या.

मुलगा हुशार होता. आपल्याला बोलू देत नाहीत एवढं त्याच्या लक्षात आलं. तो घास चघळत उठला, नियाझीच्या मनगटाला हलकेच धरलं, माझ्या मनगटाशेजारी आणलं, आणि गप्प उभा राहिला.

दोन पक्षी शेजारी शेजारी. चुलीवरची किटली कुजबुजत होती. मी डावीकडे बघितलं: पिवळा डोळा, काडीसारखा पाय, लांब मधलं बोट, सगळा जीव पुढच्या झडपेत. मी उजवीकडे बघितलं: काळा डोळा, आखूड बोटं, पंखांची शाईची टोकं. त्या डोळ्यात मला आमची खिडकी दिसत होती, खिडकीत धुकं, आणि धुक्यात मी, बराच लहान. माझ्या पायाखालून जमीन सरकायला हवी होती. पण सरकली नाही. पक्ष्याने जांभई दिली. मलाही आली.

मी खोलीकडे वळलो. "हा उन्हाळी आहे का?"

शाकिर छताकडे बघू लागला. पेरिहान मिठाकडे. नियाझी स्वतःच्या नखांकडे.

"मी प्रश्न विचारतोय."

"तुम्ही विचारू शकता, दाजी," नियाझी हळूच म्हणाला. "पक्षी तुमचा आहे. आम्हाला उत्तर देता येत नाही."

हुर्शितबाबा इतका वेळ ताटाकडे बघत होते. भाताचा ढीग बाजूला करून त्यांनी लावा वर काढला आणि मान न वळवता म्हणाले, "जावईबापू, हा लावा कुणाचा?"

मी तोंड उघडलं. नियाझी जोरजोराने मान हलवत होता. माझा म्हणालो, तर शब्द खरा ठरत होता, उशीशेजारची जागा पक्की होत होती, 'चालायचंच' पुसलं जात होतं. पण माझा म्हणालो, तर पहिला लावा पडला असं होत होतं, आणि त्या क्षणी ही सगळी मंडळी, महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं, एकदम बोलणार होती. ओनुरसुद्धा. हव्वाआत्यांनी तर खुर्ची पुढे ओढून घेतली होती. आणि हे सगळं त्या काळ्या डोळ्यांसमोर. तो बिचारा ज्याला आपलं घर समजून जांभया देत होता, तिथे.

"नियाझीचा," मी म्हणालो. "माझ्या पक्ष्याने अजून लावा मारलेला नाही, बाबा."

हव्वाआत्यांची खुर्ची निराशेने मागे गेली.

हुर्शितबाबांनी लाव्याची एक तंगडी तोडली, सावकाश खाल्ली, हाड ताटाच्या कडेला ठेवलं. "सरड्याचं ऐकलं मी," ते म्हणाले. "सरडा धरायचा नाही. पिसं नाहीत." शाकिरने मान खाली घातली. "मी पहिला पक्षी धरला तेव्हा पेरिहानची आई माझ्याकडे बघायचीही नाही. फार देखणा पक्षी होता. डोळे असे, खोल. सगळं गाव म्हणालं, उभा छान राहतो."

पेरिहानने हातातला चमचा खाली ठेवला.

"त्याने लावा कधी मारलाच नाही. हंगाम संपला, मी सोडून दिला. दुसऱ्या वर्षी दुसरा धरला, मग बरेच धरले." त्यांनी बोटं पुसली. "पण त्या पहिल्याबद्दल मला आजवर कुणी काही बोललेलं नाही. बोलता येत नाही ना. त्याचा पहिला लावा अजून यायचाय."

मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुझाही यायचाय. यायचाय तोवर तू ससाणेवाला. बाकावर माझी उशी आहे, ती तू घे. मला तिचा काय उपयोग."

ओनुरने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "पण नियमाप्रमाणे हा पक्षी ताबडतोब..."

"सकाळी," हुर्शितबाबा म्हणाले. "आता त्याचे सोबती झोपलेत. आणि तू आधी भात संपव."

सकाळी आम्ही धारेवर गेलो, मी, नियाझी आणि ओनुर. धुकं खाली समुद्रासारखं पसरलं होतं आणि समुद्र कुठेच नव्हता. वर वऱ्हाड फिरायला लागलं होतं. मी पायातली दोरी सोडली. पक्षी निघायची घाई करेना. मनगटावर बसून इकडेतिकडे बघत राहिला, खिडकीतल्या माश्यांची आठवण काढत असावा. मग सहज उडाला, वर वर गेला, आणि त्या फिरणाऱ्या गर्दीत मिसळला. मी मान वर करून बराच वेळ बघत होतो. त्यातला माझा कोणता, ते मला ओळखता येत नव्हतं. सगळेच जरा माझे वाटायला लागले होते.

नियाझी शेजारी उभा होता. "दाजी, एक सांगू? तो पक्षी..."

"हं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, वर बघितलं आणि सुस्कारा सोडला. "उडाला छान."

आता हंगाम संपलाय. सगळ्यांनी आपापले ससाणे सोडले आणि खिडकीचा बाक रिकामा झाला. हंगाम संपला की त्या बाकावर कुणी बसत नाही. मी बसतो. हुर्शितबाबांच्या उशीवर. डोंगरावर बर्फ पडलंय. शाकिर चहा आणून ठेवतो. बाहेरगावचा कुणी पाहुणा विचारतो, की हे गृहस्थ तिथे एकटे काय करताहेत. तेव्हा शाकिर आवाज खाली आणून सांगतो, त्यांचा लावा यायचाय. मग पाहुणाही हळू बोलायला लागतो.

फक्त हव्वाआत्या सरळ माझ्यापर्यंत येतात आणि नळाचं विचारतात. मी धुक्याकडे बघत म्हणतो, बघतो.